सहाव्या-सातव्या मजल्यामधला उल्कापात

सांगून कुणाला पटायचं नाही, पण चार माणसांनी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या उल्कापात घडवून आणला होता. त्याची नोंद त्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या वहीत आजही आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं. वही निळी, वेळ तीन बेचाळीस, आणि कारणाच्या रकान्यात ‘उल्का’ असं लिहून मग खोडलेलं.

शेजारच्या वहिनी, तुम्ही आत्तापासून हसू नका. अजून लिफ्टमध्ये कुणी शिरलेलंसुद्धा नाही.

तर, एक चष्मेवाला होता. माणूस सज्जन, हात हलका, लोकांच्या डोळ्यांत एकदा बघितलं की नंबर तोंडी सांगायचा. त्याला व्यसन एकच, ‘गस्तीयान नऊ’. एकतीस वर्षांपूर्वी टीव्हीवर दर आठवड्याला लागणारी अंतराळातली मालिका. यान म्हणजे काय, तर थर्मोकोलच्या भिंती, बाटल्यांच्या झाकणांची बटणं आणि एक सुकाणू, जे नीट निरखलं तर सायकलचं हँडल होतं. दर भागात यानावर काहीतरी आदळायचं. आदळलं की कॅमेरा डुगडुगायचा आणि यानातली सगळी मंडळी आधी डावीकडे झुकायची, मग उजवीकडे, मग उडी मारून खाली कोसळायची. बघणारे आपापल्या घरात श्वास रोखून बसायचे.

एकोणचाळिसाव्या भागात कप्तान यानाच्या टोकाला असलेल्या लाल दारापाशी गेला. ते दार आजवर कुणी उघडलेलं नव्हतं. कप्तानाने ते उघडलं. पांढरा झगझगीत उजेड पडला. कप्तानाचे डोळे मोठे झाले आणि तो म्हणाला, “अरे! तू?”

आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘पुढील भागात’.

पुढचा भाग आलाच नाही. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला कोंबड्या कशा पाळाव्यात याची माहिती लागली, ती त्याच्या पुढच्या आठवड्यातही लागली. चष्मेवाल्याने चार महिने कोंबड्या बघितल्या, न जाणो मध्येच दार उघडेल म्हणून.

दारामागे कोण होतं, या एका प्रश्नावर ‘गस्तीयान मित्रमंडळ’ स्थापन झालं आणि त्याच प्रश्नावर मोडलं. चाळीस सभासद, सतरा उत्तरं. कप्तानाचा हरवलेला भाऊ म्हणणारे आणि परग्रहावरची राणी म्हणणारे रस्त्यात एकमेकांना ओळख दाखवेनासे झाले. शेवटी मंडळात दोघंच उरले. चष्मेवाला अध्यक्ष आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, शाळेतले पी.टी.चे मास्तर, चिटणीस. हे दोघंही केव्हाच फुटले असते, पण रविवारी दोघांची पानं एकाच टेबलावर असायची, आणि चष्मेवाल्याची बायको नर्स होती. तिच्यापुढे आदळआपट चालत नसे. “राजीनामा द्यायचा तर दे,” ती भावाला म्हणायची, “आधी स्वतःचं ताट घासून ठेव.”

एके दिवशी चष्मेवाला दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होता. गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्रावर, कपाळ पट्टीला टेकलेलं. तेवढ्यात मास्तर धावत आत शिरले. गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत होती.

“भावोजी! येतंय! परत येतंय!”

“काय?”

“नऊ!”

“माझा?” हनुवटी न हलवता गिऱ्हाईक किंचाळलं. “नऊ नंबर?”

चष्मेवाल्याला त्याचं भान नव्हतं. त्याने वर्तमानपत्र हिसकावून घेतलं, आधी चष्म्यातून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं, मग गिऱ्हाइकाच्या भिंगातून वाचलं. तिन्ही वेळा बातमी तीच होती. ‘गस्तीयान नऊ’ पुन्हा सुरू होणार. बनवणार एक तरुण दिग्दर्शिका. दोघांनी गळामिठी मारली, आणि ती सुटायच्या आतच भांडण सुरू झालं.

“आता लाल दारापासून पुढे,” चष्मेवाला म्हणाला.

“छे छे! सगळं नवं. नवा कप्तान, नवं यान, सगळं कॉम्प्युटरवर.”

“आणि दार?”

“कुणाला आठवतंय ते दार, भावोजी?”

“मला!” चष्मेवाला असा ओरडला की गिऱ्हाईक हनुवटी सोडवून उभंच राहिलं.

पंधरा दिवसांनी मंडळाला पत्र आलं. दिग्दर्शिकाबाई जुन्या चाहत्यांचं म्हणणं ऐकणार होत्या. प्रत्येक मंडळाला पाच मिनिटं, मागणी एकच, तीही एकमताने ठरलेली. गुरुवारी दुपारी ठीक चार वाजता, कार्यालय नवव्या मजल्यावर.

गुरुवार उजाडेपर्यंत एकमत झालं नव्हतं. म्हणून नर्सबाईंनी रजा टाकली. “तुम्हाला दोघांना एकटं सोडलं तर एका तोंडाने बोलाल कसले, एकमेकांचं तोंड फोडाल. मी येते.”

तर आता लिफ्ट. आत चष्मेवाला, मास्तर, नर्सबाई आणि चौथा एक काचवाला. त्याला अकराव्या मजल्यावर आरसा पोचवायचा होता. आरसा माणसाएवढा उंच, कागदात गुंडाळलेला, पण वरचा कागद फाटून लोंबत होता. दार बंद झालं, लिफ्ट निघाली आणि मास्तरांनी तोंड उघडलं.

“मी त्यांना सांगणार, यान आता खरंखुरं हलवा. खाली यंत्र बसवा. ती झुकाझुकी पुरे झाली, लोक हसतात.”

“झुकाझुकी?” चष्मेवाल्याचा आवाज चिरकला. “अहो मास्तर, ती कला होती! नऊ माणसं, एका श्वासात, एका कोनात! यंत्राच्या बापाला जमेल?”

“कला कसली त्यात? माझी चौथीची पोरं याहून बरं करतील.”

“पोरांचं सोडा. तुम्ही करून दाखवा!”

“इथे कुणी काही करून दाखवायचं नाही,” नर्सबाई म्हणाल्या.

पण मास्तरांची शिट्टी ओठांत गेलेली होती. तीस वर्षं कवायत घेतलेला माणूस. आव्हान पोटात ठेवणं त्याला ठाऊकच नव्हतं. शिट्टी वाजली. “डावीकडे... झुक!” दोघं झुकले. लिफ्ट किंचित कुरकुरली. आरसा कलला, तो सावरायला काचवालाही झुकला.

आणि मग चष्मेवाल्याची नजर आरशात गेली. अरुंद जागा, डोक्यावर पांढरा दिवा, भिंतीला बटणांची रांग, आणि एका कोनात झुकलेली माणसं. त्याच्या अंगावर काटा आला.

“मास्तर... आरशात बघा! एकविसावा भाग! हुबेहूब!”

मास्तरांनी बघितलं. बघितलं आणि आपण कुठल्या बाजूने भांडत होतो ते साफ विसरले. “उजवीकडे... झुक!” ते गरजले. या खेपेला लय अशी काही पकडली गेली की काचवाला आपणहून झुकला. नर्सबाई आजही म्हणतात, मी झुकले नव्हते. पण आरशात चौघं झुकलेले दिसले, आणि आरसा काही त्यांचा नातेवाईक नव्हता.

“उल्का!” चष्मेवाला ओरडला.

चौघांनी उडी मारली.

आता उड्या लोक मारतात. पण चार माणसं वेगवेगळी खाली येतात, धप्, धपधप्, धप्. इथे शिट्टीच्या तालावर आठ पाय एकाच क्षणी टेकले, त्यात मास्तर एकटेच पंचाण्णव किलोंचे. लिफ्ट वीतभर खाली गेली, तळाशी कुणीतरी दात आवळावेत तसा खणकन आवाज झाला, आणि सगळं थांबलं. दिवा मिणमिणला. दारावरच्या पट्टीत सहा आणि सात हे दोन्ही आकडे अर्धे अर्धे पेटले.

चष्मेवाला हळूच म्हणाला, “जमलं.”

नर्सबाईंनी त्याच्याकडे बघितलं. ज्या नजरेने त्या पेशंटकडे इंजेक्शनआधी बघतात, त्या नजरेने.

चष्मेवाल्याने भिंतीवरच्या फोनचं बटण दाबलं. खालून पहारेकऱ्याचा आवाज आला, “बोला. कुठला मजला, काय कारण?”

“सहा आणि सातच्या मध्ये. उल्का आदळली.”

खाली वहीत लिहिल्याचा आवाज आला. मग लिहिणं थांबलं. “काय आदळली?”

“म्हणजे खरी नाही हो. आम्ही आदळलो. आधी डावीकडे झुकलो, मग...”

फोन बंद झाला.

नर्सबाईंनी नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि पुन्हा बटण दाबलं. “मी नर्स बोलतेय. लिफ्ट अडकलीय, आत चार माणसं, सगळी धडधाकट, दोघांच्या डोक्याचं काही सांगता येत नाही. मेकॅनिकला पाठवा. आणि नवव्या मजल्यावर निरोप द्या, चारची मंडळी लिफ्टमध्ये आहेत.”

पाच मिनिटांत वर खडखड झाली. सातव्या मजल्याचं दार चार बोटं सरकलं आणि फटीतून उजेडाबरोबर मेकॅनिकचं नाक दिसलं.

“किती जण?”

“चौघं आणि एक आरसा,” काचवाला म्हणाला.

“आत कुणी नाचलं का?”

तिघांनी मास्तरांकडे बघितलं. शेवटी मास्तर म्हणाले, “कवायत म्हणा.”

“अहो, झटक्याने खाली गेली की लिफ्टची पकड रुळांना बसते, आपण पडू नये म्हणून. आता गच्चीवर जाऊन चाक हाताने फिरवतो आणि इंच इंच वर घेतो. तोवर हलायचं नाही. शिंक आली तर आधी आवाज द्या.” आणि नाक निघून गेलं.

घड्याळात चारला सात मिनिटं कमी. चष्मेवाला भिंतीला टेकून खाली बसला. एकतीस वर्षं तो वाट बघत होता आणि आता मधे अडीच मजले उरले होते.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “मास्तर, तुम्हाला पाहिजे तसं नवं करू दे त्यांना. यान बदलू दे, कप्तान बदलू दे. मला फक्त ते दार बंद करायचंय.”

“बंद? मला वाटलं, उघडायचंय.”

“आधी बघायचंय. मग बंद. एकतीस वर्षं उघडंच आहे हो ते माझ्या डोक्यात, वारा येतो.”

मास्तरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली, गुंडाळली आणि सोडली.

ठीक चार वाजता फटीशी बूट येऊन थांबले. काळे, टोकाला चिखल लागलेले, एकाची नाडी सुटलेली. बुटांच्या वरून आवाज आला, “गस्तीयान मित्रमंडळ?”

“हो!” दोघं एकदम.

“मी जिना उतरून आलेय. तुमची पाच मिनिटं सुरू झाली. काय ठरलंय एकमताने?”

“जुनं तसंच...”

“सगळं नवं...”

“मास्तर, आत्ता तर गप्प बसला होतात!”

“तुम्ही विचारलंत कुठे, गप्प बसून माझं ठरलं काय ते? बाई, झुकाझुकी राहू द्या, ती मला पटलीय. पण कप्तान नवा हवा.”

“कप्तान तोच! त्याने दार उघडलंय!”

“भावोजी, तो आता ऐंशीचा असेल!”

“मग हळू चालेल! दारातच तर उभा आहे!”

“तीन मिनिटं राहिली,” बूट म्हणाले.

“मी बोलू?” आरशाला मिठी मारून उभा असलेला काचवाला म्हणाला.

“तुम्ही सभासद आहात?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. पण मघापासून ऐकतोय. कप्तान दार उघडून ‘अरे, तू?’ म्हणाला ना? मग दारामागे आरसा असेल. आमच्याकडे रोजचं आहे हे. नवीन आरसा भिंतीला लावला की मालक अचानक समोर येतो आणि असाच दचकतो.”

चाळीस सभासद, सतरा उत्तरं, आणि हे अठरावं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. फटीतला एक बूट, नाडी सुटलेला, जागच्या जागी हलला.

“बाई, तुमचा पाय हलला!” चष्मेवाला ताडकन उठला. “बरोबर आहे का? आरसा होता?”

“मुंगी होती,” बूट म्हणाले.

मग मात्र नर्सबाई सरसावल्या. “ओ बाई, मी या मंडळात नाही आणि मला ते यान डोळ्यांसमोर नकोय. पण एकतीस वर्षं माझ्या घरात भाजी थंड होतेय त्या दारापायी. काय असेल ते सांगून टाका. माणूस मनाचा चांगला आहे, एवढंच एक राहिलंय त्याचं.”

बूट मागे सरकले आणि त्यांच्या जागी आधी गुडघे आले, मग दोन तळवे. बाई जमिनीवर बसल्या होत्या.

“जुन्या लेखकांची वही माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “चाळिसावा भाग त्यात लिहिलेला आहे. नव्या मालिकेत काय घ्यायचं ते माझं मी बघेन. पण दारामागे कोण होतं, ते आज एकाला सांगते. एकालाच, आणि कानात. कोण पुढे येतंय?”

त्याच क्षणी गच्चीवर चाक फिरलं आणि लिफ्ट बोटभर वर चढली.

चष्मेवाल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरही त्या दारासाठी चार महिने कोंबड्या बघत होते, आज कबूल करत नसले तरी. हक्क दोघांचा सारखा.

“जा भावोजी. तुम्ही अध्यक्ष आहात.”

“मास्तर...”

“जा म्हणतो ना! मी मागे उभा आहे.” आणि स्वतःला आवरायला त्यांनी शिट्टी दातांत धरली.

चष्मेवाला फटीला कान लावून उभा राहिला. लिफ्ट चढत होती, त्यामुळे कान आधी बाईंच्या गुडघ्यांना लागला, मग कोपराला. “थांबा, अजून नको!” तो म्हणत होता. बाई खाली वाकत होत्या, लिफ्ट वर येत होती, तोंड आणि कान एकमेकांना शोधत होते. काचवाल्याने आरसा तिरका धरला, निदान ओठ तरी दिसावेत म्हणून. नर्सबाई टाचा उंचावून उभ्या होत्या, ज्या बाईला ते यान डोळ्यांसमोर नको होतं त्या! शेवटी तोंड आणि कान समोरासमोर आले. बाईंनी तळहाताचा आडोसा केला. मास्तर इतके पुढे सरकले की त्यांची हनुवटी चष्मेवाल्याच्या खांद्यावर टेकली, आणि त्या गर्दीत, त्या घाईत, त्यांचा श्वास सुटला आणि शिट्टी वाजली. अगदी जोरात वाजली, मैदानभर ऐकू जाईल अशी.

शिट्टी थांबली तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “पाच मिनिटं संपली,” त्या म्हणाल्या. “झुकाझुकीचं मात्र लक्षात ठेवते.” आणि बूट जिना चढून गेले.

लिफ्ट सातव्या मजल्याला लागली. दार पूर्ण उघडलं. चौघं बाहेर आले, आरसा बाहेर आला. चष्मेवाल्याचा चेहरा असा उजळला होता की मेकॅनिकने गच्चीवरून खाली आल्या आल्या विचारलं, “यांना झटका बसला का?”

“भावोजी,” मास्तर म्हणाले, “कोण होतं?”

चष्मेवाल्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. “शपथ घातलीय बाईंनी.”

तेव्हापासून त्या घरात क्रांती झालीय. रविवारी मास्तर चष्मेवाल्याचं ताट घासतात. वाद झाला की मास्तर आधी माफी मागतात, न जाणो खूश होऊन एखादं अक्षर तरी सांगतील म्हणून. मंडळाचे फुटलेले अडतीस सभासद एकेक करून परत आलेत. रोज दुकानात येतात, नंबर बदललाय का बघा म्हणतात, आणि खुर्चीत बसून हळूच विचारतात, “भाऊच ना? नुसती मान हलवा.” चष्मेवाला हसतो आणि म्हणतो, “हनुवटी टेकवा.” एवढ्या माणसांत एकालाही त्याने ते सांगितलेलं नाही. अख्ख्या जगात ते तीनच माणसांना ठाऊक आहे. बाईंना, त्याला आणि मला. हो, मला! गेल्या महिन्यात चष्म्याची काडी बसवताना माझ्यावर विश्वास टाकून त्याने कानात सांगितलं. आता तुम्ही कितीही आग्रह केलात तरी मी...

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. कप खाली ठेवून त्यांनी पदर खोचला. “बाई कानात बोलत होत्या तेव्हाच खांद्यावर शिट्टी वाजली म्हणालात ना? मैदानभर ऐकू जाईल अशी? मग चष्मेवाल्यांनी काय ऐकलं, कप्पाळ? दारामागे कोण होतं हे त्यांनाही माहीत नाही, आणि तुम्हाला तर त्याहून नाही!”